गावाचे दप्तर आणि विद्यापीठाचा विद्यार्थी



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना स्तुतिपर भाषणांचा मनस्वी कंटाळा होता, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा त्यांच्या गुणवर्णनात आपला वेळ न दवडता मी विषयालाच हात घालतो. विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांना दरिद्री खेड्यांतील विकासकार्याची धुरा वाहण्यास शिकवता येईल काय, आणि येत असेल तर ते शिक्षण कोणत्या प्रकारचे असावे, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न खडकवासल्यात विचारण्याला विशेष औचित्य आहे. मुठेवरचे येथील धरण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभे राहिले, आणि त्यावर १९०३ साली जी स्वयंचलित दारे बसली ती योजणारे विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा त्यांना ती सुचली नव्हती. मुंबई इलाख्याच्या नोकरीत जवळजवळ वीस वर्षे नद्या, तलाव आणि कालवे पाहण्यात गेल्यावर सुचली. पलीकडे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ साली इलाख्याच्या पाटबंधारे खात्याची एक लहानशी शाखा म्हणून तिचा आरंभ झाला, आणि नदीची प्रतिकृती उभारून, तीत पाणी सोडून, ते कोठे खरवडते व कोठे गाळ टाकते हे मोजत बसणे, हे तिचे मुख्य काम आहे. तिसरी संस्था राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. पंडित नेहरूंनी १९४९ साली तिची कोनशिला बसवली. येथे तीन वर्षे आणि नंतर आपापल्या दलाच्या संस्थेत आणखी काही काळ घासून काढल्यावाचून कोणाही तरुणाच्या हाती पन्नास माणसेसुद्धा दिली जात नाहीत. आता याच परिसरातील महाविद्यालयांकडे वळा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या एका निवासी शिबिरास जावे, अशी तरतूद आहे; आणि त्या सात दिवसांच्या समारोपाला येणारे पाहुणे या मुलांना ग्रामीण भारताचे भावी शिल्पकार म्हणून संबोधतात.

या विसंगतीवर नुसते हसून भागणार नाही. सात दिवसांच्या जागी सत्तर दिवस केले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. कारण त्या दिवसांत करायचे काय याविषयीच आपला गोंधळ आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, खेड्याला पुढाऱ्यांची वाण कधीच नव्हती. पाटील होते, देशमुख होते, आज सरपंच आहेत, सोसायटीचे चेअरमन आहेत, आणि निवडणुकीच्या वर्षी तर गल्लीगणिक एकेक पुढारी निपजतो. वाण आहे ती मोजणाऱ्याची, मोजलेले नेमके लिहून ठेवणाऱ्याची, लिहिलेले चावडीवर वाचून दाखवणाऱ्याची, आणि गावकऱ्यांनी त्यातील चुका काढून ते दुरुस्त करून घेईपर्यंत तेथून न हलणाऱ्याची. विद्यापीठातील तरुणाला गावात काही स्थान असेल तर ते हे आहे, आणि शिक्षण द्यायचे ते याचे.

असे मोजण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी शहरापासून काही मैलांवरचे पिंपळे सौदागर हे खेडे निवडून त्याची जमीन, कर्ज, विहिरी, गुरे आणि घरोघरचा जमाखर्च यांची पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जुन्या कागदांशी मेळ घालून त्यांनी दाखवले की, १७७१ साली या गावात सरासरी धारणा सुमारे चाळीस एकर होती, ती १९१५च्या सुमारास सात एकरांवर आली होती, आणि तीही एका जागी नसून ठिकठिकाणी विखुरलेल्या तुकड्यांची होती. इंग्रजी अंमलात रयत सुखी झाली असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि खेडे म्हणजे सुवर्णयुगाचा अवशेष असे मानणाऱ्या देशभक्तांना, दोघांनाही हा हिशेब सारखाच गैरसोयीचा होता. आज त्याच पिंपळे सौदागरात बहुमजली इमारतींची दाटी झाली आहे, आणि तेथे राहणाऱ्या किती जणांना आपल्या पायाखालच्या जमिनीचा हा इतिहास ठाऊक असेल याची मला शंका आहे. मॅनसाहेबांनी गावाचे नेतृत्व केले नाही. त्यांनी गाव वाचले; आणि शेतजमिनींचे एकत्रीकरण, शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा यांविषयी पुढे जी चर्चा झाली तिला पाय टेकायला त्या वाचनाने जमीन मिळाली.

याच्या उलट प्रकारचे उदाहरण तेव्हाच्या पंजाबात घडले. गुडगावचे डेप्युटी कमिशनर ब्रेन यांनी १९२०च्या दशकात आपल्या जिल्ह्यात खतांचे खड्डे, घरांना खिडक्या, सुधारलेले बियाणे आणि मुलींच्या शाळा यांचा मोठा धडाका लावला. ग्रामसुधारणेचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि तीतून शिकलेले मार्गदर्शक गावोगाव धाडले. साहेबांच्या हेतूविषयी किंवा उत्साहाविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु त्यांची बदली झाली आणि थोड्याच वर्षांत खड्डे बुजले. गावाने ते काम आपले मानलेच नव्हते. वरून आलेला एक हुकूम म्हणून ते बजावले होते, आणि हुकूम देणाराच गेल्यावर बजावणी उरली नाही. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास योजनेची परीक्षा करताना बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली जे दुखणे दाखवले तेही याच जातीचे होते: सरकारी कामात लोक सामील होत होते, पण लोकांचे काम असे त्याला रूप आले नव्हते.

आता आपल्या विद्यापीठांकडे येऊ, आणि येथे मला थोडे रेंगाळू द्या, कारण हा अध्याय महाराष्ट्राने लिहिला आणि महाराष्ट्रानेच तो विस्मृतीत टाकला. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, तिच्यामागे आयोगाचे अमेरिकन सभासद आर्थर मॉर्गन यांचा हात होता. हे मॉर्गन पूरनियंत्रणाचे अभियंते; टेनेसी खोऱ्याच्या विकास प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष; आणि त्याआधी अँटिओक महाविद्यालयाचे प्रमुख असताना विद्यार्थ्यांनी काही काळ वर्गात आणि काही काळ प्रत्यक्ष नोकरीत शिकावे अशी पद्धत त्यांनी चालवून दाखवली होती. म्हणजे खेड्याच्या शिक्षणाविषयी बोलणारा हा माणूस पाणी आणि पोट या दोन्ही गोष्टी जाणत होता. पुढे १९५४ सालच्या श्रीमाळी समितीच्या शिफारशीवरून १९५६ साली देशात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांत डॉ. पंजाबराव देशमुखांची अमरावतीची संस्था होती आणि कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले मौनी विद्यापीठ होते. नाईक हे पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाला परिचित झाले. पण त्याच्या कितीतरी आधी धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात शाळा आणि ग्रामसुधारणा यांचे काम त्यांनी स्वतः केले होते, ही गोष्ट त्यांच्या कागदी कर्तृत्वाच्या ढिगाऱ्याखाली दडून गेली आहे.

या संस्थांतून ग्रामसेवेची तीन वर्षांची पदविका दिली जाई. डोंगरकपारीतले गाव हीच प्रयोगशाळा, तेथील सहकारी सोसायटी आणि पंचायत हीच पाठ्यपुस्तके, अशी मूळ कल्पना. कल्पनेत दोष नव्हता, आणि ज्यांनी ती राबवली त्यांच्या निष्ठेतही नव्हता. पण पदविका घेतलेला मुलगा मामलेदार कचेरीत किंवा जिल्हा बोर्डात अर्ज घेऊन गेला म्हणजे कारकून विचारी, की बी. ए.शी ही समकक्ष आहे काय. आणि ज्या बापाने बैल विकून मुलाला शिकवले तोही शेवटी तेच विचारी. त्या बापाला दोष देण्याचा अधिकार आपणापैकी कोणालाच नाही, कारण आपल्या मुलांच्या बाबतीत आपण दुसरे काही विचारत नाही. समकक्षतेचा शोध घेता घेता अभ्यासक्रम बी. ए.सारखा होत गेला, आणि कालांतराने बहुतेक संस्था रूढ विद्यापीठांच्या छत्राखाली गेल्या. गारगोटीचे विद्यापीठ अजून उभे आहे व शिक्षणाचे काम करीत आहे. पण ग्रामीण भारताला स्वतःची अशी उच्च शिक्षणाची वाट असावी, ही जी आकांक्षा होती तिची जागा परीक्षेच्या वेळापत्रकाने घेतली. नियुक्तीचे नियम आणि शिक्षणाचे ध्येय यांची सांगड न घालता काढलेली कोणतीही संस्था याच मार्गाने जाते, आणि आजचे धोरणकर्ते समाजसंपर्काला श्रेयांक देण्याची भाषा करतात तेव्हा त्यांनी गारगोटीची ही फाइल आधी मागवून घ्यावी, अशी माझी त्यांना सूचना आहे.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९च्या २४ सप्टेंबरला ३७ विद्यापीठांत सुरू झाली, आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळाने तिची परीक्षा घेतली. १९७२च्या त्या दुष्काळात विद्यार्थी खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती टाकायला गेले, ते चांगलेच झाले. मात्र त्या दुष्काळातून महाराष्ट्राला जी दोन टिकाऊ फळे मिळाली त्यांचा उगम श्रमदानात नव्हता. एक फळ वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना, जिचा पुढे १९७७ साली कायदा झाला. दुसरे फळ याच जिल्ह्यातले आहे. पुण्यात कारखाना चालवणारे अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावास गेले, देवस्थानची सुमारे चाळीस एकर पडीक माळजमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली, तेथे पाणी अडवले आणि ते वाटायचे कसे याचा हिशेब मांडला. तो हिशेब पाणी पंचायत या नावाने प्रसिद्ध आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा, उसाला मनाई, आणि खर्चाचा पाचवा भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा. हे नियम अंकगणिताचे आहेत, पण त्यांत न्यायाची जी कल्पना आहे ती भल्या भल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही. आणि हे गणित गावाला पटवायला त्यांना वर्षानुवर्षे तेथे बसावे लागले, हेही विसरू नये.

तुम्ही म्हणाल, साळुंखे काही विद्यार्थी नव्हते. खरे आहे. म्हणून आणखी एक उदाहरण घेतो, ज्यात शिकलेल्या बाहेरच्या माणसाचे स्थान अधिक स्पष्ट दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या त्याच्या घोषणेमुळे ते वर्तमानपत्रांतून गाजले. पण घोषणेपेक्षा त्या गावाचा अभ्यासगट मला महत्त्वाचा वाटतो. देवाजी तोफा हे गावाचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले. दोघांच्या आणि इतर अनेकांच्या सहवासात असा प्रघात पडला की, एखादा प्रश्न ग्रामसभेपुढे येण्याआधी अभ्यासगटात त्याची उकल व्हावी, कायद्याचे कलम वाचले जावे, जंगलाची पाहणी व्हावी, बाहेरचे जाणकार असतील तर त्यांना विचारावे. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. बाहेरच्या माणसाला अभ्यासगटात बोलता येते, ग्रामसभेत निर्णय करता येत नाही. ही मर्यादा ज्याला जाचक वाटते तो गावाच्या कामाला लायक नाही, इतके स्पष्ट मी म्हणतो. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा अधिकार देशात ज्या गावांना प्रथम मिळाला त्यांत मेंढा होते, आणि सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा कारभार त्याच्याकडे आला, तो या दीर्घ अभ्यासाच्या पोटी.

मग विद्यापीठाने शिकवायचे काय? माझ्या मते पहिले वर्ष दप्तराचे असावे. गावाचे दारिद्र्य झोपडीच्या छपरावर दिसते त्याहून अधिक ते कागदांत दडलेले असते, आणि ते कागद वाचायला आपण अर्थशास्त्राच्या पदवीधरालासुद्धा शिकवत नाही. सातबाराचा उतारा हातात दिला तर त्यातील नमुना सात म्हणजे हक्कांची नोंद आणि नमुना बारा म्हणजे पिकांची, एवढे तरी किती जण सांगतील? फेरफाराची वही, वारसांची सहा-क, खातेदाराचा आठ-अ, ग्रामपंचायतीची रोकडवही आणि अंदाजपत्रक, ग्रामसभेचे इतिवृत्त, ही खरी पाठ्यपुस्तके. नवरा वारल्यावर ज्या बाईचे नाव वारस म्हणून लागलेच नाही तिला पीककर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, अतिवृष्टीची नुकसानभरपाई दिराच्या खात्यात जाते. आणि हे सारे एका नोंदीअभावी घडते. ज्या विहिरीवर चौघे भिजवतात तिची नोंद एकाच्याच नावे असेल तर भांडण पुढच्या पिढीसाठी राखून ठेवले आहे असे समजावे. २०२१पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. ही सुधारणा स्तुत्य आहे, पण ज्याच्या हाती तसा मोबाइल नाही किंवा ज्याच्या शिवारात त्याला संदेशच पोचत नाही, त्याची नोंद कोण करणार? येथे विद्यार्थ्याला काम आहे, आणि ते शिबिराच्या शेवटच्या दिवशी भिंतीवर वृक्षारोपणाची सुभाषिते रंगवण्याहून उपयोगाचे आहे.

दुसरे वर्ष मोजणीचे. विहिरींची पातळी पौष, चैत्र आणि भाद्रपदात किती होती. नळयोजनेच्या अंदाजपत्रकात माणशी किती लिटर धरले होते आणि उन्हाळ्यात टाकीत किती चढते. बंधाऱ्यात गाळ किती. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून जे शिक्षण उभारले त्यात शाळेतली मुलेसुद्धा अशी कामे करीत, आणि गावाला त्यांचा उपयोग होई म्हणून गाव त्या शाळेला आपली मानी. मुंबईच्या आय. आय. टी.त ग्रामीण तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र १९८५ साली निघाले, आणि तेथील अध्यापकांच्या प्रयत्नांतून २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही असे काम देण्याची सोय सरकारने केली. वाट आहे, तिच्यावर चालणारी पावले थोडी आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो, तो असा की, तुम्ही ध्येयवादी तरुणांना तलाठ्याचे मदतनीस करायला निघाला आहात. आक्षेप वजनदार आहे. तलाठ्याचे काम तलाठ्यानेच केले पाहिजे, आणि ते त्याने केले नाही तर त्याची तक्रार करण्याचे धैर्य गावात यावे, यात शंका नाही. पण गावात गेलेला तरुण जर या कारकुनीला कमी लेखत असेल, तर तो दुसरे काय करणार आहे ते पाहा. तो भाषण देईल. आणि त्याचा मुक्काम ज्याच्या वाड्यात असेल त्याचे हित तेच गावाचे हित असे त्याला आठ दिवसांत वाटू लागेल. गावात दोन तट असतात, बहुधा तीन; आणि चौथी वस्ती ओढ्यापलीकडे असते, जिचे पाहुण्याला निमंत्रण येत नाही. आकडा घेऊन फिरणाऱ्याला मात्र ओढा ओलांडावाच लागतो, कारण तेथली विहीर मोजल्याशिवाय त्याचा तक्ता पुरा होत नाही. मुलींना तर या कामात एक अधिक प्रवेश आहे: पाणी कोण भरते आणि किती वेळ भरते हे स्वयंपाकघरात बसून विचारता येते, ओट्यावर बसून नाही.

आता या खोऱ्याविषयी. खडकवासला २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले, म्हणजे या गावाची ग्रामसभा संपली. येथे मी सांगितलेले बरेचसे काम आता करता येणार नाही. पण वर पानशेतकडे आणि वेल्ह्याकडे चला. पावसाळ्यात जेथे आभाळ फाटते आणि चैत्रात जेथे बायका हंड्यासाठी डोंगर उतरतात, अशी सह्याद्रीच्या उतारावरची गावे तेथे आहेत. काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही, आणि मुरलेले फार दिवस टिकत नाही. त्या खोऱ्यातले पाणी धरणांत साठते, शहराला जाते, कालव्याने दौंड-इंदापूरला जाते. धरणांत बुडालेल्या गावांतील पुष्कळ माणसेही लाभक्षेत्रात जाऊन वसली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्याला या खोऱ्याची आठवण झाली, एरवी ती नळाची तोटी सोडताना होत नाही.

माझी सूचना अशी आहे की, विद्यापीठाने या खोऱ्यातली पाच गावे घ्यावीत आणि दहा वर्षे बदलू नयेत. दरवर्षी वेगळे गाव दत्तक घेण्याची जी रीत पडली आहे तीत गावाला काही मिळत नाही, आणि विद्यार्थ्याला छायाचित्रापलीकडे काही मिळत नाही. तुकडी बदलेल, गाव बदलणार नाही. प्रत्येक गावाची एक वही असावी. जानेवारी, एप्रिल आणि सप्टेंबर या तीन वेळी तीत विहिरी, टाकी, पिके आणि प्रलंबित नोंदी लिहिल्या जाव्यात, आणि १ मेच्या ग्रामसभेत ती उघड वाचली जावी. वहीची मालकी ग्रामपंचायतीची, विद्यापीठाकडे तिची नक्कल. विद्यार्थ्याचे गुण अध्यापकाने द्यावेत, पण ग्रामसभेने वही स्वीकारली काय आणि कोणत्या दुरुस्त्यांसह, हे त्या गुणपत्रिकेला जोडलेले असावे. नियुक्तीच्या नियमांत या दोन वर्षांना स्थान मिळावे म्हणून सरकारशी बोलणी आधी व्हावीत, मागाहून नव्हे. गारगोटीला जे झाले ते पुन्हा होऊ नये. पहिल्या वर्षी वहीतले बरेच आकडे चुकतील. कोणते चुकले आणि का, हे गावकरी तोंडावर सांगतील. ते मजकुराखालीच लिहून घ्यावे, आणि पुढच्या तुकडीने कामाला तेथून आरंभ करावा.